तांब्याच्या पत्र्यावरील कविता : विल्यम ब्लेक

विल्यम ब्लेक या इंग्रज कवीची वाघावरील छोटी कविता आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. पण ती प्रथम कशी छापली गेली, किती जणांनीं ती विकत घेतली आणि तिच्या कर्त्याचा संसार कशावर चालला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. कविता लिहून झाली कीं पुस्तक आपोआप तयार होतें, अशी मुलांची समजूत असते. (मोठ्यांचीहि असते.)

ब्लेकचा जन्म लंडन शहरीं २८ नोव्हेंबर १७५७ रोजीं झाला. बाप पायमोजे विकणारा दुकानदार होता. मुलाचा ओढा ओळखून त्यानें त्याला चित्रकलेच्या वर्गांत घातलें आणि १७७२ सालीं जेम्स बझायर या कारागिराकडे सात वर्षांच्या उमेदवारीस ठेविलें. त्या काळीं छायाचित्रें नव्हतीं. पुस्तकांत चित्र द्यावयाचें तर तें तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याचे ठसे काढावे लागत. हें कोरीव काम हाच ब्लेकचा जन्मभरचा धंदा झाला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षींहि वेजवुड यांच्या कारखान्यांतील वाडग्यांचीं व झांकणाच्या भांड्यांचीं चित्रें तो मालाच्या यादीसाठीं कोरीत होता.

१७८२ च्या ऑगस्टमध्यें त्यानें कॅथेरीन बाउचर हिच्याशीं विवाह केला. चर्चच्या नोंदवहींत सही करण्याच्या जागीं वधूनें फुली मारली आहे. नवऱ्यानें तिला लिहिणें-वाचणें शिकविलें, पुढें छापणें आणि रंग भरणेंहि शिकविलें. या बाईंवांचून ब्लेकचीं पुस्तकें झालींच नसतीं, असें माझें स्पष्ट मत आहे.

त्याचा पहिला कवितासंग्रह १७८३ सालीं मित्रांनीं स्वखर्चानें छापून दिला. पण तो रीतसर विक्रीस कधींच आला नाहीं. १७८७ सालीं त्याचा लाडका धाकटा भाऊ रॉबर्ट वारला. छपाईची नवी रीत आपणांस या मृत भावानें दर्शन देऊन सांगितली, असें ब्लेक म्हणत असे. त्याची दर्शनें खरीं मानावीं कीं न मानावीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. रीत मात्र खरी होती, आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

एरवीं पुस्तकाचा मजकूर खिळे जुळवून एका यंत्रावर छापीत आणि चित्रें दुसऱ्या ठिकाणीं दुसऱ्या यंत्रावर. ब्लेकनें दोन्ही एकाच पत्र्यावर आणलीं. तेजाबाला दाद न देणारें रोगण घेऊन तो पत्र्यावर कुंचल्यानें व टांकानें कविता लिही, आणि तीहि उलट्या अक्षरांत, म्हणजे कागदावर ती सुलट उमटावी. ओळींच्या कडेनें वेली, मेंढरें, खेळणारीं मुलें काढी. मग पत्र्याच्या कांठांना मेणाचा बांध घालून वर तेजाब ओती. उघडें तांबें कित्येक तासांत झिजून जाई आणि अक्षरें व चित्रें उठावदार राहत. त्यांवर शाई चढवून, पत्रा व कागद रुळांच्या दाबयंत्रांतून काढीत. कागद वाळला म्हणजे दोघें नवरा-बायको त्यांत रंग भरीत, आणि शेवटीं कॅथेरीन पानें शिवून पुठ्ठे घाली. रंग हातचे, म्हणून कोणत्याहि दोन प्रती सारख्या नाहींत. तांबें महाग, कित्येक पत्र्यांच्या पाठीवरहि त्यानें पुढच्या कविता कोरल्या.

या रीतीनें १७८९ सालीं निरागसतेचीं गाणीं आणि १७९४ सालीं अनुभवाचीं गाणीं निघालीं. वाघाची कविता या दुसऱ्या पुस्तकांतली. १७९३ च्या त्याच्या जाहिरातींत प्रत्येकाची किंमत पांच शिलिंग आहे. प्रकाशक नाहीं, परीक्षक नाहीं, कोणी ओळ खोडणारा नाहीं. एवढें स्वातंत्र्य थोड्याच कवींना लाभलें असेल. पण दुकानदारहि नाहीं. एकेक प्रत हातानें करावयाची, तीहि कोणी मागितली तर. त्यामुळें त्याच्या हयातींत या गाण्यांच्या कांहीं डझन प्रतीच बाहेर पडल्या. घरांतील पैसा संपला कीं कॅथेरीन जेवणाच्या मेजावर रिकामी थाळी मांडी, आणि ब्लेक मुकाट्यानें दुसऱ्याचें कोरीव काम हातीं घेई, असें त्याचे चरित्रकार सांगतात.

१८०९ सालीं भावाच्या दुकानावरील खोल्यांत त्यानें आपल्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें. फारसें कोणी आलें नाहीं, आणि एका पत्रानें तर त्याला वेडा ठरविलें. त्याचीं उत्तरकालीन दीर्घ काव्यें दुर्बोध आहेत हें खरें. विद्यार्थ्यांनीं तूर्त त्यांच्या वाटेस जाऊं नये. त्यांतील जेरुसलेम या काव्यासाठीं त्यानें शंभर पत्रे कोरले. सबंध रंगविलेली त्याची एकच प्रत तयार झाली, आणि तिलाहि गिऱ्हाईक मिळेल असें त्याला वाटत नव्हतें. म्हातारपणीं जॉन लिनेल या तरुण चित्रकारानें त्याला ईयोबाच्या पुस्तकावरील चित्रें कोरण्याचें काम दिलें, म्हणून ते दिवस कसेबसे निभावले.

१२ ऑगस्ट १८२७ रोजीं ब्लेक वारला. शेवटच्या आजारांतहि तो अंथरुणावर बसून एका ठशांत रंग भरीत होता. बनहिल फील्ड्समधील त्याच्या थडग्यावर त्या वेळीं दगड बसविला गेला नाहीं. नेमकी जागा शोधून तेथें शिला बसली ती २०१८ सालीं. कॅथेरीन आणखी चार वर्षें जगली आणि उरलेल्या प्रती विकून गुजराण करीत राहिली. ब्लेकनें हातानें लिहिलेल्या उठावदार पत्र्यांपैकीं आज फक्त एक तुकडा शिल्लक आहे. बाकीचें तांबें नाहींसें झालें.