टाचणी, चामडे आणि बर्था बेंझ

गाडी रस्त्यात बंद पडली की आपला हात आधी मोबाइलकडे जातो. बॉनेट उघडून आत डोकावण्याचे धाडसही अनेकांना होत नाही. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या लांब पल्ल्याच्या प्रवासात मात्र बोलवायला मेकॅनिकच नव्हता. गाडी चालवणारी स्त्री होती, सोबत तिची दोन शाळकरी मुले होती आणि बिघाड दुरुस्त करण्यासाठी जवळ होते ते घरच्या कारखान्यात मिळालेले ज्ञान.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम येथे झाला. वडील सधन बांधकाम व्यावसायिक होते. पुन्हा मुलगीच झाल्याची खंत घरच्या बायबलमध्ये नोंदवली गेली होती, असे सांगितले जाते. कार्ल बेंझ यांच्याशी वाङ्निश्चय झाल्यावर बर्था यांनी आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि कार्ल यांच्या अडचणीत आलेल्या कारखान्यातील भागीदाराचा हिस्सा त्यातून विकत घेतला. १८७२ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढची वर्षे ओढगस्तीची होती. १८७९ च्या अखेरच्या रात्री कार्ल यांचे इंजिन नीट चालू लागले तेव्हा बर्था शेजारी उभ्या होत्या. स्वयंपाकघर आणि कामाचे टेबल यांत त्या घरी फारसे अंतर नव्हते. यंत्राचा कोणता भाग काय करतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

२९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज झाला, तो एकट्या कार्ल यांच्या नावाने. गाडी तयार झाली, पण ती घ्यायला कोणी पुढे येईना. लोकांना घोड्याविना धावणाऱ्या गाडीची भीती वाटे आणि कार्ल हे जातिवंत संशोधक असले तरी विक्रेते नव्हते. आणखी सुधारणा केल्याशिवाय गाडी लोकांपुढे नेऊ नये, असे त्यांना वाटत राही. बर्था यांचा पैसा त्या गाडीत अडकलेला होता, आयुष्यही. गाडी चालते हे सांगून पटत नसेल, तर ती चालवूनच दाखवायला हवी, हे त्यांनी ओळखले.

ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे कार्ल झोपेत असताना त्या पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन मानहाइमहून निघाल्या. आवाजाने कार्ल यांना जाग येऊ नये म्हणून गाडी आधी ढकलत दूर नेली. जायचे होते फोर्त्सहाइमला, माहेरी. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक.

खरी कसोटी पुढे होती. पेट्रोल पंप ही कल्पनाच तेव्हा नव्हती. इंजिनाला लागणारे लिग्रॉईन हे कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळे. वीस्लॉख गावच्या औषधविक्रेत्याकडून बर्था यांनी ते विकत घेतले. ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवते! इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेत दिसेल तेथे पाणी भरावे लागे. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बर्था यांनी टोपीची लांब टाचणी काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले, तेव्हा पायमोजा घसरू नये म्हणून बांधलेला पट्टा सोडून तारेभोवती गुंडाळला.

या दोन दुरुस्त्यांची गोष्ट आज गमतीने सांगितली जाते, आणि टाचणी व पट्टाच लक्षात राहतात. मला महत्त्वाचे वाटते ते निदान. इंजिन मंदावले की दोष इंधनात आहे, ठिणगीत आहे की पाण्यात, हे आधी ओळखावे लागते. ते ओळखता आले नसते, तर टाचणी टोपीतच राहिली असती.

जे हातचे नव्हते, ते त्यांनी जाणकाराकडून करून घेतले. ताणलेली साखळी ब्रुख्साल येथे लोहाराने ठीक केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजत चालले, तेव्हा बाउश्लॉट गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज ज्याला आपण ब्रेक लायनर म्हणतो, त्याची ही सुरुवात मानली जाते. चढावर मात्र इलाज नव्हता. इंजिनाची ताकद कमी पडे आणि खाली उतरून गाडी ढकलावी लागे.

संध्याकाळी फोर्त्सहाइमला पोहोचल्यावर कार्ल यांना तार गेली. काही दिवसांनी तिघे गाडीनेच परतले. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे या प्रवासात कळले आणि पुढे तो बसवला गेला. प्रवासाची चर्चा सर्वत्र झाली, संशय ओसरू लागला. शतक संपेपर्यंत बेंझ कंपनी जगातील मोठ्या मोटार उत्पादकांत गणली जाऊ लागली.

कार्ल १९२९ मध्ये लाडेनबुर्ग येथे वारले. बर्था यांच्या तरुणपणी जर्मनीतील विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. ३ मे १९४४ रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय सिनेटर ही पदवी दिली. दोन दिवसांनी लाडेनबुर्गच्या घरी त्यांचे निधन झाले.