कार्ल लिनीअस व आयत्या घरची माशी

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कोकिळा आपलीं अंडीं कावळ्याच्या घरट्यांत घालते, हेंही सर्वांस माहीत आहे. परंतु उद्योगाचा आदर्श म्हणून जें कूळ नेहमीं आपणांपुढें ठेवण्यांत येतें, त्या मधमाश्यांच्या कुळांतही असे नागोबा आहेत, हें थोड्यांसच माहीत असेल. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या उष्ण अरण्यांत ऑर्किड-माश्या राहतात. त्यांच्या पांच वंशांपैकीं दोन वंश असे परोपजीवी आहेत. त्यांतील एका माशीस शास्त्रीय नांव देणारा पुरुष दूर स्वीडन देशांत राहत होता, व त्यानें ती माशी जिवंत अशी कधींच पाहिली नव्हती. त्या कार्ल लिनीअसचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लिनीअसचा जन्म दक्षिण स्वीडनमधील एका खेड्यांत इ. स. १७०७ च्या मे महिन्यांत झाला. वडील धर्मोपदेशक असून त्यांस बागेचा मोठा नाद होता. मुलानें आपलाच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा; पण मुलाचें लक्ष पुस्तकांपेक्षां रानांतल्या झाडाझुडपांकडे अधिक. ह्या मुलास विद्या येणें नाहीं, त्यास एखाद्या कारागिराच्या हाताखालीं घालावें, असा सल्ला शिक्षकांनीं दिला. वडील खिन्न झाले. त्या वेळीं रॉथमन नांवाच्या एका वैद्यानें, जो त्याच शाळेंत शिकवीतही असे, मुलाचा कल ओळखला, व त्यास वैद्यक व वनस्पतिशास्त्र शिकविलें. असा एक जाणता मनुष्य न भेटता, तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

पुढें उप्साला येथील विद्यापीठांत त्यानें फार हाल काढले. फाटक्या जोड्यांत कागद घालून तो चाले. ओलोफ सेल्सिअस ह्या अध्यापकानें त्यास आपल्या घरीं आश्रय दिला. १७३२ सालीं त्यानें लॅपलंडचा खडतर प्रवास केला. १७३५ त हॉलंडमध्यें त्यानें सृष्टीच्या वर्गीकरणाचें आपलें पुस्तक छापलें. त्याचीं पानें मोठीं होतीं, पण संख्येनें डझनभरच! १७४१ त तो उप्सालास प्राध्यापक झाला.

त्या काळीं एकेका वनस्पतीचें नांव म्हणजे लॅटिन भाषेंतील एक लांबलचक वाक्य असे. लिनीअसनें आपल्या आडनांवाप्रमाणें एक शब्द वंशाचा व दुसरा जातीचा, अशीं दोनच शब्दांचीं नांवें रूढ केलीं. वनस्पतींस १७५३ त व प्राण्यांस १७५८ त. ह्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत दक्षिण अमेरिकेंतील एका चकचकीत माशीस त्यानें अपिस डेंटाटा, म्हणजे दांतेरी मधमाशी, असें नांव दिलें. आज तीस एक्सेरेटे डेंटाटा म्हणतात. त्याच पुस्तकांत त्यानें अपिस सुरिनामेन्सिस हिलाही स्थान दिलें. ही आज यूफ्रीसिया वंशांत मोडते, आणि एक्सेरेटेच्या माश्या ज्यांचीं घरें लुबाडतात, त्यांत यूफ्रीसिया हा एक वंश आहे. तेव्हां चोर व सावकार एकाच आडनांवानें एकाच ग्रंथांत शेजारीं नांदूं लागले, व ग्रंथकर्त्यास त्याची वार्ताही नव्हती!

खूण मात्र माशीच्या अंगावरच होती. कष्टाळू माशीच्या मागच्या पायावर पराग वाहण्याची गुळगुळीत टोपली असते. एक्सेरेटेच्या मादीस ती नसते. तिला वाहावयाचें आहे काय? यूफ्रीसिया किंवा यूलीमा माशीनें पराग व मध भरून ठेवलेल्या कोठडींत शिरून ती आपलें अंडें घालते. घरमालकिणीची संतति नाश पावते, आणि तो सांठा परक्याच्या पिलास मिळतो. पण नुसतीं दूषणें देऊन चालणार नाहीं. ऑर्किड-माश्यांचे नर ऑर्किडच्या फुलांतील सुवास गोळा करून मागच्या पायांत सांठवितात, व त्या खटपटींत फुलांचें परागीकरण होतें. ह्या आयत्या माश्यांचे नरही तेंच करतात. म्हणजे ज्या कुळांत चोरी, त्याच कुळाच्या हातून अरण्याची सेवाही घडते.

हें सर्व जाणण्यास रानांत घरट्याजवळ दिवसचे दिवस बसावें लागतें. लिनीअस स्वतः उष्ण कटिबंधांत कधीं गेला नाहीं. त्यानें आपले तरुण शिष्य दूरदूर पाठविले. त्याचा लाडका शिष्य लफ्लिंग १७५६ त व्हेनेझुएलांत तापानें वारला. वय अवघें २७. हासेलक्विस्ट १७५२ त स्मर्ना येथें व फोर्सकॉल १७६३ त येमेनांत गेला. उप्सालाच्या कपाटांतील नांवांची किंमत अशी कित्येक घरांनीं दिली, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. त्या माशीच्या घरफोडीचा उलगडा पुढें इतरांनीं, मुख्यतः विसाव्या शतकांत, केला.

१७७४ त लिनीअसला पक्षाघाताचा झटका आला. ज्यानें हजारों प्राण्यांस व वनस्पतींस नांवें दिलीं, त्यास अखेरीस स्वतःचेंही नांव आठवेना, असें त्याचे चरित्रकार सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजीं तो मरण पावला. उप्सालाच्या मुख्य देवळांत त्याची समाधि आहे.

त्यानें नांव दिलें म्हणूनच पुढच्या अभ्यासकांस आपण कोणत्या माशीविषयीं बोलतों, हें निश्चितपणें सांगतां आलें. परंतु नांव मिळालें तरी तिचें चरित्र कळावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. आमच्या विद्यार्थ्यांनीं पुस्तकांत नांवें अवश्य पाठ करावीं, आणि मग बाहेर पडून तो प्राणी, तें झाड, स्वतः पाहावें. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, कुंपणाशीं बसून किडे न्याहाळणाऱ्या मुलास वायां गेला असें म्हणण्यापूर्वीं त्यांनीं रॉथमनची आठवण करावी.