माधवराव सप्रे : नाव बाजूला ठेवणारा संपादक

रायपूर : जुन्या रायपुरातील ब्राह्मणपारा या वस्तीत असलेले आनंद समाज वाचनालय स्वातंत्र्यचळवळीच्या काळात वृत्तपत्रवाचनाचे व राजकीय चर्चेचे केंद्र होते. हा वाचकवर्ग घडत होता त्याच शहरात पंडित माधवराव सप्रे यांचे उत्तरायुष्य गेले. संपादकाचे लेखन समाजाचे मानले, तरी त्याच्या घरात समाजाने कोठवर डोकावावे, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात १९०८ साली उभा राहतो.

दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १९ जून १८७१ रोजी एका मराठी कुटुंबात सप्रे यांचा जन्म झाला. पदवीनंतर त्यांनी सरकारी नोकरीचा मार्ग धरला नाही. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर सहसंपादक होते, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी भाषक, हे विशेष! ग्रंथांचे गंभीर परीक्षण ही या मासिकाची ओळख ठरली. परंतु आर्थिक ओढाताणीमुळे ते तीन वर्षांतच थांबले.

१९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंद केसरी’ निघाला. टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा उद्देश होता. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या कलम १२४-अ खाली सप्रे यांना अटक झाली. येथवर संघर्ष सरकार आणि मुद्रणस्वातंत्र्य यांच्यातला होता. त्यानंतर तो घरात शिरला. थोरल्या बंधूंनी आत्महत्येची धमकी दिल्याने सप्रे यांनी क्षमापत्रावर सही केली, असे चरित्रकार सांगतात. त्यांची सुटका झाली. मात्र राष्ट्रीय चळवळीतील एका संपादकाच्या नावाला माफीचा डाग लागला.

क्षमापत्र ही सार्वजनिक घटना होती. तिची चिकित्सा करण्याचा वृत्तपत्रांचा व वाचकांचा अधिकार नाकारता येत नाही. भावाची व्याकूळता मात्र त्या कुटुंबाची होती. तिच्याशिवाय सहीचा अर्थ लागत नाही आणि ती सांगावी तर घराचे दार उघडावे लागते. चरित्रलेखनातील ही अडचण आजही सुटलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सार्वजनिक दस्तऐवजांवर आधारित लेखनास मोकळीक देताना कुटुंब व विवाह यांसारख्या बाबींना संरक्षण दिले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सप्रे यांच्या काळात असा आधार नव्हता.

त्यांनी स्वतःला मात्र सवलत दिली नाही. सुटकेनंतर ते रामदासी मठात राहिले, माधुकरी मागून जगले. पुढे लेखणी पुन्हा हाती घेतली तेव्हा बरेचसे लेखन ‘माधवदास रामदासी’सारख्या टोपणनावांनी केले. शब्द वाचकांसमोर होते, नाव आड होते. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा उभी केली. १९२० मध्ये जबलपूरहून निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, पण संपादकपद माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे होते.

१९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. जुन्या वृत्तपत्रांचे जतन करणाऱ्या भोपाळच्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे.