संत कॅमिलस : हळहळ आणि पश्चात्ताप

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कॅमिलस डी लेलिस ह्यांचा सण साजरा करते. रुग्णांचे, रुग्णालयांचे व परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून ते आपणा सर्वांना परिचित आहेत. छातीवर तांबडा क्रूस धारण करून रोग्याच्या खाटेशी वाकलेली त्यांची मूर्ती वा चित्र अनेकांनी पाहिले असेल. परंतु हा संत तरुणपणी जुगाराच्या व्यसनात पूर्णपणे बुडालेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना एखाद्या पापाची सवय सुटता सुटत नाही, त्यांनी तर कॅमिलस ह्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे, असे आम्हांस वाटते.

कॅमिलस ह्यांचा जन्म २५ मे १५५० रोजी नेपल्सच्या राज्यातील बुक्कियानिको ह्या गावी झाला. आईला हे मूल उतारवयात झाले. वडील सैनिक होते व घराबाहेरच अधिक असत. कॅमिलस तेरा वर्षांचे असताना आई वारली. पुढे ते वडिलांबरोबर सैन्यात भरती होण्यास निघाले, आणि छावणीतील आयुष्याबरोबर पत्ते व फासेही त्यांच्या अंगवळणी पडले. वाटेतच वडिलांचे निधन झाले. त्याच सुमारास त्यांच्या पायाला एक जखम झाली. ती आयुष्यभर बरी झाली नाही.

वडिलांच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या कॅमिलस ह्यांनी फ्रान्सिस्कन संघात जाण्याचा नवस केला. परंतु तेथे प्रवेश मिळाला नाही, दुःखाचा भर ओसरला आणि नवस मागे पडला. पायावर उपचार व्हावेत म्हणून ते रोममधील असाध्य रोग्यांच्या सान जाकोमो रुग्णालयात गेले व तेथेच सेवक म्हणून काम करू लागले. मात्र भांडणे आणि जुगार ह्यांपायी त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. ते पुन्हा सैन्यात गेले. १५७४ साली नेपल्समध्ये त्यांनी जुगारात सर्वस्व गमावले, अगदी अंगावरचा सदरादेखील.

येथे क्षणभर थांबून विचार करू या. ह्या वर्षांत कॅमिलस ह्यांना आपल्या पापाचे वाईट वाटत नव्हते काय? वाटत होते. नवस त्यांनी मनापासूनच केला होता. परंतु ती हळहळ होती. हळहळीला झालेल्या नुकसानीचे दुःख असते, आणि नुकसान विसरले की ती विरून जाते. पश्चात्तापाला देवाला दुखावल्याचे दुःख असते आणि म्हणून तो वाट बदलतो. कॅमिलस ह्यांनी नवस केला, पण संगत, छावणी आणि पत्ते सोडले नाहीत. पापाचे निमित्त जवळ बाळगून केलेला निर्धार किती टिकणार?

सर्वस्व गमावलेले कॅमिलस मानफ्रेदोनिया ह्या गावी भीक मागू लागले. तेथे कॅपुचिन बंधूंच्या मठाचे बांधकाम चालू होते. त्यांना त्या बांधकामावर मजुरी मिळाली. एकदा कामानिमित्त त्यांना जवळच्या सान जोवान्नी रोतोंदो येथील मठात पाठविण्यात आले. हेच ते गाव, जेथे पुढे विसाव्या शतकात संत पाद्रे पियो राहिले. तेथील मठप्रमुखांनी त्यांना देवाविषयी चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, परतीच्या वाटेवर ते शब्द त्यांच्या अंतःकरणास भिडले. ते जनावरावरून खाली उतरले, रस्त्यातच गुडघे टेकले आणि आपल्या पापांसाठी ओक्साबोक्शी रडले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते.

अश्रू तर पूर्वीही आले असतील. ह्या वेळी मात्र त्यांनी मागची वाटच बंद केली. त्यांनी कॅपुचिन संघात प्रवेश मागितला व तो मिळाला. पण पायाची जखम चिघळली आणि त्यांना संघ सोडावा लागला. ते पुन्हा गेले, पुन्हा परत यावे लागले. पूर्वीचे कॅमिलस असते तर एवढे निमित्त त्यांना जुगाराच्या अड्ड्याकडे वळण्यास पुरेसे झाले असते. आता ते ज्या रुग्णालयाने त्यांना हाकलले होते त्याच सान जाकोमोत परतले, रोग्यांची शुश्रूषा करू लागले आणि पुढे तेथील व्यवस्थापक झाले. संत फिलिप नेरी ह्यांच्याकडे ते नियमितपणे पापनिवेदन करीत. तिशी उलटल्यावर लहान मुलांबरोबर बाकावर बसून त्यांनी लॅटिन शिकून घेतले आणि १५८४ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

पगारी नोकर रोग्यांची हेळसांड करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून केवळ देवप्रीतीने सेवा करणाऱ्या सोबत्यांना त्यांनी एकत्र आणले. ह्या समूहास पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी १५८६ साली मान्यता दिली, तर १५९१ साली पोप ग्रेगरी चौदावे ह्यांनी त्यास व्रतस्थ संघाचा दर्जा दिला. प्लेगची साथ असली तरी जिवावर उदार होऊन रुग्णसेवा करण्याचे चौथे व्रत हे बंधू घेतात. १४ जुलै १६१४ रोजी कॅमिलस रोममध्ये निधन पावले. १७४६ साली त्यांना संतपद बहाल झाले. पायाची जखम शेवटपर्यंत तशीच होती. देवाने ती काढून घेतली नाही, पण तिच्यामुळेच त्यांना दुसऱ्यांच्या जखमा कळल्या.

पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ठाऊक आहे की, तेच ते पाप पुनःपुन्हा सांगावे लागते म्हणून पुष्कळ भाविक लाजतात आणि हळूहळू येणेच बंद करतात. त्यांनी निराश होऊ नये. घसरणे वेगळे आणि घसरणीवरच घर बांधणे वेगळे. जो पडल्यावर उठतो आणि पडण्याची जागा टाळतो, त्याचा पश्चात्ताप खरा आहे. जो पापाशी तडजोड करतो, त्याने मात्र सावध व्हावे. आणि ज्यांच्या घरात एखादा कॅमिलस आहे, त्यांनी बांधकामावरील त्या कॅपुचिन बंधूंचे स्मरण ठेवावे. त्यांनी त्याला आधी काम दिले, उपदेश नंतर केला.

संत कॅमिलस, आम्हांसाठी विनंती कर.