औषध आधी पारखणारा हकीम

आजच्या तेहरानजवळ रय नावाचे जुने शहर होते. इ.स. ८६५च्या सुमारास तेथे अबू बक्र मुहम्मद इब्न जकरिया यांचा जन्म झाला. रयचे म्हणून जग त्यांना अल-राझी या नावाने ओळखते. तरुणपणी ते किमयेत रमले. भट्टी, पारा, गंधक यांच्याशी त्यांचा परिचय तेव्हाच झाला. पुढे ते वैद्यकाकडे वळले आणि रय व बगदादच्या इस्पितळांचे प्रमुख झाले.

त्या काळी खरूज आणि उवांवर पाऱ्याचे मलम लावत. पण पारा पोटात गेला तर? राझींनी ऐकीव गोष्टींवर विसंबण्याऐवजी घरच्या माकडाला पारा पाजला. माकड दात चावू लागले, पोट धरून बसले, पण मेले नाही. पारा उडवून केलेला क्षार मात्र जीवघेणा असतो, त्याने पोटात कळा येतात आणि रक्त पडते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. धातू तोच, पण रूप बदलले की विषाची तीव्रता बदलते, हे त्यांना उमगले होते.

आहाराने भागत असेल तर औषध नको, साध्या औषधाने भागत असेल तर मिश्रण नको, असा त्यांचा दंडक होता. ज्यांना हकीम परवडत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला. गरीब रुग्णांची ते स्वतः शुश्रूषा करत, त्यांना पदरचे पैसेही देत. रमजानमध्ये जी सेवा आणि खैरात आठवते, ती त्यांच्या रोजच्या कामातच होती.

अखेरीस त्यांची दृष्टी गेली. इ.स. ९२५च्या सुमारास रय येथेच ते वारले. त्यांच्या नावाने युरोपात शतकानुशतके एक पांढरे मलम विकले जाई. त्यात शिशाचा सफेदा असे. शिसे शरीरात हळूहळू साठते, मेंदू आणि मूत्रपिंडे बिघडवते, हे आज आपण जाणतो. इतक्या चिकित्सक हकिमाच्या नावाच्या औषधातही दोष राहून गेला.

म्हणूनच हकिमाचा कुश्ता असो की वैद्याचे भस्म, केवळ जुने आहे किंवा झाडपाल्याचे म्हणून मिळाले आहे, एवढ्यावर ते निर्धोक ठरत नाही. बिनलेबलाची पुडी सहरीला तोंडात टाकण्यापूर्वी तिच्यात काय आहे आणि ती तपासली कोणी, हे विचारण्यात परंपरेचा अपमान नाही. राझींची परंपरा तीच आहे.