गंगारामच्या हॉटेलात चहा पिणारा राजा

राजर्षी शाहू महाराजांची जयंती आपण दरवर्षी २६ जूनला करतो. फोटोला हार घालतो, आरक्षणाचे जनक म्हणून दोन शब्द बोलतो आणि चहा घेऊन घरी जातो. आरक्षणाचे ते खरेच आहे. पण नोकरीइतकेच महाराजांचे लक्ष धंद्याकडे होते, दुकानाकडे आणि बाजारपेठेकडे होते, हे मात्र घरातल्या पोरांना फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेत त्या बाजूने त्यांचे चरित्र मांडावे असे वाटले.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक गेले. राजकोटला आणि धारवाडला शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला, तेव्हा वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. राजा झाले खरे, पण कचेरीत पाहावे तर कारभार एकाच जातीच्या हातात, आणि शिवारात राबणारा शेतकरी, गावकुसाबाहेरचा माणूस दोन्हीकडून रिकामा. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम यातूनच निघाला. तो सर्वांना ठाऊक आहे, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

कोल्हापूरचा गूळ पिकवायचा शेतकऱ्याने आणि भाव करायचा दुसऱ्याने, अशी तेव्हाची रीत. महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, गुळाचा बाजार तिथे वाढवला. १९०६ साली कापडाची गिरणी सुरू केली. जयसिंगपूर ही नवी पेठ वडिलांच्या नावाने वसवली. भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, पण आजची तिथली हिरवळ त्याच पाण्यावर आहे. पन्हाळ्याच्या बाजूला चहा आणि कॉफीच्या लागवडीचा प्रयोगसुद्धा करून पाहिला. कोल्हापूरची ती गिरणी आता बंद आहे, पण त्या काळी संस्थानात सूत कातले जावे, कापड विणले जावे हा विचार मोठाच होता. आपण कापसाच्या मुलखातले लोक. दारव्हा तालुक्यात कापूस वेचता वेचता आपल्या आयाबहिणींची बोटे फाटली, आणि सूत नि कापड बहुतेक परगावी झाले. त्यामुळे या गोष्टीचे मोल बोरी अरबच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

परंतु बाजारपेठ वसवली म्हणजे त्या बाजारात सगळ्यांना बसता येते असे नाही. अस्पृश्याला धंदा करायचा म्हटला तर पहिली आडकाठी वतनाची होती. महारकीच्या वतनात थोडीशी जमीन, तीही सगळ्या भावकीत मिळून, आणि त्या बदल्यात चोवीस तास सरकारची नि गावाची चाकरी. सांगावा घेऊन जा, सारा वसुलीला माणसे बोलाव, साहेब आला की घोड्यापुढे पळ. केव्हा बोलावणे येईल याचा नेम नाही. मग असा माणूस दुकान उघडणार कधी आणि परगावी जाऊन हुन्नर शिकणार कधी? जमिनीचा तुकडा म्हणजे पायातली बेडीच होती म्हणा ना. महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने रद्द केली आणि त्या जमिनी रयतावा म्हणून ज्याच्या त्याच्या नावे करून दिल्या. बलुत्याची सक्ती काढली, वेठ बंद केली, गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी थांबवली. हाच वतनाचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणून मांडला. कायद्याने वतने जायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे कोल्हापूर चाळीस वर्षे पुढे होते.

आता गंगाराम कांबळे यांची हकीगत. हे सरकारी पागेत नोकरीला होते. तिथल्या पाण्याच्या हौदाला हात लावला एवढ्यावरून वरच्या जातीच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांना हे कळले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामला नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा काही धंदा काढायला सांगितले, लागेल ती मदत देऊ केली. गंगारामनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले सत्यसुधारक.

हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार! भांडवल होते, मोक्याची जागा होती, मेहनतीला माणूस तयार होता, राजाचा पाठिंबाही होता. तरी गल्ला रिकामा. माझ्या मते इथेच महाराजांची खरी परीक्षा होती. दुसऱ्या एखाद्या राजाने आणखी शंभर रुपये पाठवून दिले असते आणि विषय संपवला असता. महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. फेरफटक्याला निघाले की गाडी हॉटेलासमोर उभी करायचे, भर रस्त्यात चहा मागवून प्यायचे, आणि बरोबरच्या सरदार, अधिकारी, ब्राह्मण, मराठा मंडळींनाही तोच चहा पाजायचे. राजाने प्याल्यावर दुसऱ्याने नाही म्हणायची सोय उरली नाही. हळूहळू बाकीच्यांचीही भीड चेपली. जातीने बंद केलेला गल्ला गिऱ्हाइकाने उघडला. आजही आपल्यातला एखादा तरुण हॉटेल किंवा किराणा टाकताना पाटीवर आडनाव लिहू की नको याचा विचार करतो, आणि आपलेच लोक चार पावले पुढे जाऊन दुसऱ्याकडून सामान आणतात, त्यांना ही हकीगत कोणीतरी सांगायला पाहिजे.

व्यवसायाचे आणखी एक दार महाराजांनी उघडले ते वकिलीचे. अस्पृश्य समाजातल्या होतकरू मंडळींना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. परीक्षा पास नाहीत म्हणून त्यावर ओरड झालीच. ओरडणाऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण होते, ते कसे आले हे त्यांनी कधी विचारले नाही.

१९२० साल आपल्यासाठी फार महत्त्वाचे. ३१ जानेवारीला बाबासाहेबांचे मूकनायक निघाले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत स्वतः हजर राहून, हा तुमचा पुढारी म्हणून बाबासाहेबांना समाजापुढे उभे केले. आणि मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्ष महाराजच होते. भर उन्हाळ्यात कोल्हापूरचा छत्रपती नागपूरला आला आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीसमोर बसला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. त्यांच्या पश्चात थोड्याच वर्षांत कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला, खस्ता खाल्ल्या, तो कोणी सरदार किंवा जहागीरदार नव्हता. तो भाऊसिंगजी रस्त्यावरचा चहावाला, गंगाराम कांबळे.