विश्लेषण : कीट्सचे रूममेट, पेशाने डॉक्टर, पाण्याने न पुसणारी शाई घडवणारे हेन्री स्टीफन्स कोण होते?

फाउंटन पेनसाठी शाई घ्यायला गेले की बाटल्यांवर ‘पर्मनंट’, ‘वॉटरप्रूफ’, ‘ब्लू-ब्लॅक’ असे शब्द दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच असेल असे वाटते, पण तसे नाही. यातली ब्लू-ब्लॅक, म्हणजे लिहिताना निळी आणि नंतर काळी पडणारी शाई, कारखान्यात तयार करून जगभर पोहोचवणारे हेन्री स्टीफन्स हे शल्यविशारद होते. त्यांच्या शाईमागचे रसायनशास्त्र आजही पेनाच्या बाटलीत आहे.

कवीबरोबर एका खोलीत...

स्टीफन्स यांचा जन्म १७९६ मध्ये लंडनला झाला. बालपण हर्टफर्डशायरमधल्या रेडबर्न गावी गेले. १८१५ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनच्या गाइज आणि सेंट थॉमस या जोड-रुग्णालयांत दाखल झाले. तिथे भाड्याच्या जागेत त्यांच्याबरोबर राहणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एक होता जॉन कीट्स. इंग्रजी कवितेतले हे मोठे नाव तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. वर्गात कीट्सचे लक्ष बेताचेच असे. स्टीफन्स यांच्या व्याख्यानाच्या वहीतही त्याने गमतीच्या ओळी खरडल्या होत्या.

कीट्सचे ‘एन्डिमियन’ हे दीर्घकाव्य १८१८ मध्ये आले. त्याची पहिली ओळ प्रथम स्टीफन्स यांनी ऐकली, काहीतरी कमी आहे असे सांगितले आणि कीट्सने ती सुधारली, असा किस्सा सांगितला जातो. तो स्टीफन्स यांच्याच आठवणींतून आला असल्याने थोडा जपूनच घ्यावा. कीट्स १८२१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, रोममध्ये क्षयाने गेला. आपल्या थडग्यावर नाव घालू नये, आपले नाव पाण्यावर लिहिलेले होते एवढेच कोरावे, अशी त्याची इच्छा होती. त्याच्याबरोबर राहिलेला माणूस पुढे पाण्याने न जाणाऱ्या शाईचा कारखानदार व्हावा, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर कुणाला पटला नसता.

जुन्या शाईत अडचण काय होती?

स्टीफन्स यांनी रेडबर्नला आणि नंतर लंडनमध्ये डॉक्टरकी केली. कॉलराच्या साथीवर त्यांनी पुस्तिकाही लिहिली. पण त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता.

युरोपात तेव्हा कायदेशीर कागदांसाठी जी शाई वापरत, तिचे दोन मुख्य घटक मराठी घरांना अनोळखी नाहीत. एक मायफळ, बाळगुटीत उगाळले जाते तेच. ओकच्या झाडावर कीटकामुळे येणाऱ्या या गाठीत टॅनिन भरपूर असते. दुसरा हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. दोन्ही पाण्यात एकत्र आले की सुरुवातीला फिकट द्रावण तयार होते. हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्यातल्या लोहाचे रूप बदलते आणि काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनतो.

शाई बनवणारे हा काळेपणा बाटलीतच येऊ देत, कारण लिहिलेले लगेच दिसायला हवे. मग ते काळे कण तळाशी बसत. बसू नयेत म्हणून डिंक घालावा, तर शाई घट्ट होई. पिसाच्या लेखणीने हे चालून जाई, कारण बोथट झाली की ती तासून नवी करता येत होती. पण १८२० नंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबांचा पूर आला, आणि बारीक चिरेच्या निबात ही शाई अडकू लागली. शिवाय यातला बराचसा रंग कागदाच्या पृष्ठभागावरच राहत असे. दस्तऐवजावरची अक्षरे खरवडून दुसरी लिहिणाऱ्यांची त्यामुळे सोयच होत होती.

स्टीफन्स यांनी केले काय?

त्यांनी क्रम उलटा केला. शाई बाटलीत काळी होऊच द्यायची नाही. ती विरघळलेल्या अवस्थेत राहिली तर पातळ राहील, निबातून सहज उतरेल, कागदाच्या धाग्यांत मुरेल आणि तिथे हवा लागल्यावर काळी पडेल. म्हणजे अघुलनशील पदार्थ कागदावर न बसता कागदाच्या आत तयार होईल. मग तो पाण्याने कसा निघणार? फिकट शाईने लिहिलेले लगेच दिसावे म्हणून त्यात निळा रंग मिसळला. ब्लू-ब्लॅक हे नाव त्यातूनच आले. स्टीफन्स यांनी आपल्या उत्पादनाला शाई न म्हणता लेखनद्रव म्हटले. १८३२ हे त्यांच्या व्यवसायाचे स्थापनावर्ष मानले जाते.

पाच वर्षांनी, १८३७ मध्ये, त्यांनी एबेनेझर नॅश यांच्याबरोबर एक पेटंट घेतले. प्रशियन ब्लू हे पक्के रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्यावर आधी आम्लाची प्रक्रिया करून मग ऑक्झॅलिक आम्लाच्या मदतीने ते पातळ शाईत आणण्याची ही कृती होती. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्या नोंदी शतकभर वाचता याव्यात ही गरज होती, आणि पुढे ‘रजिस्ट्रार्स इंक’ म्हणून लोहयुक्त शाईच रूढ झाली.

स्टीफन्स सप्टेंबर १८६४ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीट स्थानकावर अचानक कोसळले आणि गेले. जगातली पहिली भुयारी रेल्वे तिथे धावू लागल्याला दोन वर्षेही झाली नव्हती. धंदा पुढे मुलगा हेन्री चार्ल्स यांनी वाढवला. ते खासदार झाले, तरी लोक त्यांना ‘इंकी’ स्टीफन्स म्हणूनच ओळखत. फिंचलीतला आपला बंगला आणि बाग त्यांनी मृत्युपत्राने जनतेला दिली.

आज पेनात कोणती शाई भरावी?

बाजारातल्या बहुतेक शाया साध्या विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. त्या पेनाला सुरक्षित असल्या तरी पावसाच्या एका थेंबाने पसरतात. स्टीफन्स यांच्या पठडीतली लोहयुक्त शाई आजही मिळते, उदाहरणार्थ जपानच्या प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक. पाणी पडले तर तिच्यातला निळा रंग उतरतो, काळपट रेघ राहते. पण ही शाई आम्लधर्मी असते. सोन्याच्या निबाला त्याचा त्रास नाही. साध्या पोलादी निबात किंवा धातूच्या सुट्या भागांत मात्र ती महिनोन् महिने ठेवू नये. शाई जितकी आम्लधर्मी, तितका कागदालाही धोका. जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली दिसतात, ती याच कुळातल्या शाईमुळे.

तिसरा पर्याय पिगमेंट शाईचा. प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलरची किवागुरो यांत अतिसूक्ष्म काजळीचे कण असतात. त्या पाणी आणि ऊन दोन्ही सोसतात, मात्र पेनात वाळल्या तर तो स्वच्छ करताना नाकीनऊ येतात. रोज लिहिणाऱ्यांनीच त्या घ्याव्यात. चित्रकलेच्या दुकानातली लाखयुक्त ‘इंडियन इंक’ फाउंटन पेनात अजिबात भरू नये, ती निबामागच्या बारीक नाळीत कायमची बसते.

लेबलवरच्या ‘पर्मनंट’वर विसंबण्यापेक्षा घरीच चाचणी घेता येते. नेहमीच्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात, लोहयुक्त शाई असेल तर एक दिवस तशाच ठेवाव्यात, मग एका ओळीवर पाणी टाकून टीपकागदाने टिपावे. दुसरी ओळ अर्धी झाकून खिडकीच्या उन्हात काही आठवडे ठेवावी. शाई बदलताना पेन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. लोहयुक्त शाईत दुसरी शाई मिसळली तर पेनातच गाळ तयार होऊ शकतो.